कलाशाखा आणि पोटाचा प्रश्न

दहावीचा निकाल लागला कीं घरोघर जीं खलबतें सुरू होतात, त्यांचा शेवट बहुधा ठरलेला असतो. ज्यास गुण चांगले त्यानें शास्त्रशाखेस जावें. ज्यास कमी, त्यास कला. ‘आर्ट्स घेऊन पोट कसें भरणार?’ हा वडीलमंडळींचा प्रश्न गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या बापानें बैल विकून फी भरली, त्यास ज्ञानासाठीं ज्ञानाचा उपदेश करणें ही त्याची थट्टाच होय. प्रश्न रास्त आहे. त्याचें रूढ उत्तर मात्र चुकीचें आहे.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें, तेव्हां सरकारास कचेऱ्यांसाठीं इंग्रजी जाणणारे नोकर हवे होते. पण १८६२ च्या पहिल्या पदवीधरांतच रानडे व भांडारकर निघाले! पुढें १८८४ त बी. ए. झालेले गोखले फर्ग्युसन कॉलेजांत गणित, इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत. १९०२ सालीं व्हाइसरॉयांच्या कौन्सिलांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, अंदाजपत्रकांतील शिल्लक ही रयतेच्या भरभराटीची नव्हे, जादा कराची खूण आहे. आंकडे सरकारचेच होते. अर्थ मात्र या मास्तरानें काढला. (त्यांस मदत केली तेहि गणेश व्यंकटेश जोशी हे दुसरे मास्तरच.) १९०३ त मिठावरील कर उतरला.

आजचा दाखला हवा असल्यास पुण्याच्या सदाशिव पेठेंतील अभ्यासिकांत जावें. इंजिनिअर झालेले तरुण तेथें इतिहास व राज्यघटना घोकीत असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेंत निबंधास २५० गुण आहेत, आणि २०१३ पासून नीतिशास्त्राची निराळी पत्रिका आहे. ‘स्कोप नाहीं’ म्हणून सोळाव्या वर्षीं जे विषय टाकले, त्यांच्यासाठींच चोविसाव्या वर्षीं क्लासची फी भरावी लागते. जागा थोड्या, उमेदवार लाखों, हें आम्ही जाणतों. म्हणून आमच्या धंद्याचेंहि सांगतों. नव्या वकिलास कलमें पाठ असतात; पण पक्षकाराची हकीकत ऐकून तारीखवार दोन पानांची कैफियत लिहावयास सांगितली कीं लेखणी अडते. ज्यास ती लिहितां येते, त्यास कामाची वाण पडलेली आम्हीं पाहिली नाहीं.

मग तालुक्याचा बी. ए. रिकामा कां फिरतो? त्यास कला शिकविलीच जात नाहीं म्हणून. पाठ्यग्रंथाऐवजीं गाईड, निबंधाऐवजीं अपेक्षित प्रश्नसंच. प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षें रिकामी. तासिकेवर नेमलेला शिक्षक घर चालविण्यासाठीं दुसऱ्या कॉलेजाची एस. टी. गांठीत असतो. आणि त्या वर्गांत बसतें कोण? शेतकऱ्यांचीं मुलें, आणि ज्यांस शहरीं धाडावयास घरचे राजी नाहींत अशा मुली. ज्यांस दुसरी वाट नाहीं त्यांच्याच पदरांत पोकळ पदवी टाकावयाची आणि वर ‘आर्ट्समध्यें काय आहे?’ म्हणून त्यांसच हिणवावयाचें, हा अन्याय आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शास्त्राच्या विद्यार्थ्यासहि इतिहास घेण्याची मोकळीक देऊं केली, याचा आम्हांस आनंद वाटतो. पण जेथें इतिहासाचा शिक्षकच नाहीं, तेथें ती मोकळीक काय कामाची? सरकारनें आधीं जागा भराव्या. आणि पालकांनीं प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीं कॉलेजांत जाऊन दोनच गोष्टी विचाराव्या: मराठीचा व इतिहासाचा कायम शिक्षक कोण, आणि गेल्या वर्षीं मुलांचे किती निबंध तपासून परत दिले?