आठवीचा निकाल लागण्याआधी

पालकहो, माजी विद्यार्थ्यांनो, संस्थाचालकहो,

जूनमध्ये शाळा भरेल तेव्हा नववीच्या वर्गात काही ओळखीची मुलं दिसणार नाहीत. ती नापास झालेली नसतील. त्यांच्यापुरता कायदा संपलेला असेल.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने (आरटीई) खासगी विनाअनुदानित शाळांतल्या प्रवेशाच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखल्या. सोडतीत नंबर लागला की धुणीभांडी करणाऱ्या बाईची लेक डॉक्टरच्या मुलाशेजारी बसते. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये केला. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्या लढाईचा गाजावाजा झाला, तो व्हायलाच हवा होता. पण हा हक्क आठवीपर्यंतच आहे, त्याचं काय?

एक लाखाच्या आत वार्षिक उत्पन्न दाखवून प्रवेश मिळालेल्या घराकडे नववीत पूर्ण फी मागितली जाते. ती कुठून येणार? मग दाखला काढायचा, आणि आठ वर्षं इंग्रजीतून शिकलेल्या मुलीने दहावी तोंडावर आलेली असताना माध्यम बदलायचं. 2019 च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात हा कायदा बारावीपर्यंत नेण्याची शिफारस होती. कायदा आहे तिथेच आहे.

या मुलांच्या फीच्या प्रतिपूर्तीचे शाळांचे पैसे सरकार थकवतं, ही संस्थाचालकांची तक्रार खरी आहे. पण त्याची शिक्षा पोरांना का?

म्हणून मागणं एवढंच. या मुलांची नववी-दहावीची निम्मी फी शाळेने सोडावी, उरलेली आपण भरू. त्यात बस, गणवेश आणि सहलसुद्धा धरा. मूल वर्गात एकटं पडतं ते बहुतेक वेळा सहलीच्या दिवशी. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहांसाठी गावोगाव मूठ-मूठ धान्य निघालं, तेही भरल्या कणग्यांतूनच असं नव्हे. फक्त नावं फळ्यावर नकोत, आणि चेक देतानाचा फोटो तर मुळीच नको.

आमदारांना पत्रं जरूर लिहा, पण त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. निकालानंतर दाखले निघू लागतात. त्याआधी, याच आठवड्यात, आपल्या शाळेत जाऊन विचारा: आठवीत आरटीईची मुलं किती आहेत, आणि त्यांतली नववीत किती येणार आहेत?