ससा घरात ठेवायचा तर...



‘हेमलकशाला प्राणी सांभाळतात, मग घरात ससा का नको?’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. हेमलकशाला १९७३ साली सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पात, तिथे काम करणाऱ्या डॉ. प्रकाश आमट्यांकडे आली ती शिकारीत आई गमावलेली पिल्लं, हौसेखातर आणलेली नव्हेत. रानातला ससा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरी ठेवताच येत नाही.

बाजारातला पांढरा ससा खुशाल पाळा. पण पत्रलेखक म्हणतात तसा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात नको. सशाच्या पंजाला कुत्र्यासारखी गादी नसते, तारेवर टाचा सोलवटतात. खाली जाड वाळलं गवत अंथरा, दडायला खोका ठेवा, विजेच्या वायरी उचलून घ्या. आमच्याकडे मे महिन्यात पत्रे तापले की ओल्या माठाला अंग टेकून पडलेला ससा मी पाहिलाय.

– एक वाचक, हेमलकसा (ता. भामरागड)