मंदावलेला लॅपटॉप आणि घरचा पैसा

लॅपटॉप मंद चालू लागला म्हणजे घरात दोन पक्ष पडतात. मुलांचा पक्ष म्हणतो, नवा घ्यावा. वडीलधाऱ्यांचा पक्ष म्हणतो, आहे तोच चालवावा. दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात, परंतु यंत्र मंद का झाले, हा प्रश्न दोघेही विसरतात. या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून नव्या यंत्रासाठी पैसा काढणे जसे गैर, तसेच जुन्या यंत्रापुढे मुलांस तासन् तास खोळंबत ठेवणेही गैर होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न चैनीचा नव्हे. आपल्या जिल्ह्यात कांदा, ऊस व दूध यांवर चालणारी घरे पुष्कळ आहेत. अशा घरात एका नव्या लॅपटॉपासाठी दुसऱ्या कोणत्या तरी गरजेस मागे सारावे लागते. कधी ती धाकट्या बहिणीच्या शिक्षणाची गरज असते. उलटपक्षी, प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी यंत्र सुरू होण्यासच दहा मिनिटे लागली, तर होणारी हानी रुपयांत मोजता येत नाही. यास्तव विद्यार्थ्यांनी व पालकांनी मिळून थोडा विचार करावा.

प्रथम यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू. काही वर्षांपूर्वीच्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपांत फिरती हार्ड डिस्क असते. या जातीची पहिली डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली विक्रीस आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व सर्व मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर मावते, पण रीत तीच आहे. तबकडी फिरते व वाचणारे टोक हवी ती जागा शोधीत पुढेमागे सरकते. लॅपटॉपातील सामान्य तबकडी मिनिटास ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ९०. हा वेग मोठा वाटतो. तथापि माहितीचा एकेक तुकडा सापडण्यास सुमारे १२ सहस्रांश सेकंद लागतात. यंत्र सुरू होताना असे ५००० तुकडे निरनिराळ्या जागांहून आणावे लागले, तर नुसत्या शोधण्यातच एक मिनिट जाते.

एसएसडी या नव्या प्रकारच्या साठवणीत फिरणारा एकही भाग नसतो. माहिती फ्लॅश चिपेत राहते. ही चिप जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधून काढली. तीत एक तुकडा सापडण्यास सहस्रांश सेकंदाचा सुमारे दहावा भाग पुरतो. म्हणजे वरील एका मिनिटाचे काम अर्ध्या सेकंदाचे झाले. शिवाय दप्तरातून एसटीने रोज प्रवास करणाऱ्या यंत्रास धक्के बसतात, ते फिरत्या तबकडीपेक्षा चिपेस अधिक सोसवतात.

एवढे वाचून कोणी लगेच दुकान गाठील, तर त्याने थोडे थांबावे. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जगास दाखवून दिले की, आधी मोजावे व मग खर्चावे. ते गाव पाऊस व भूजल मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणती पिके घ्यावयाची ते ठरविते. दुष्काळी मुलखात जो न्याय पाण्यास लागू, तोच घरच्या पैशास लागू आहे.

लॅपटॉपाचा ताळेबंद मांडणे कठीण नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटने एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात डिस्क कोणत्या जातीची आहे, हे बहुधा लिहिलेलेच असते. यंत्र अडले असता डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर खिळून राहिला व मेमरीत जागा शिल्लक असली, तर दोष बहुधा डिस्कचा. मेमरीच भरून गेली असेल, तर आधी रॅम वाढविण्याचा विचार करावा. कारण रॅम अपुरी पडली म्हणजे यंत्र डिस्कलाच राबविते, आणि गुन्हा एकाचा व शिक्षा दुसऱ्यास असे होते. केवळ इंटरनेटची पाने मंद उघडत असतील, तर दोष जोडणीचा असू शकतो. यंत्र तापून मंदावत असेल, तर पंख्यात साचलेली धूळ काढविणे हाच स्वस्त उपाय.

डिस्कच दोषी ठरली, तर ती खुशाल बदलावी, असे आम्ही म्हणतो. हा खर्च नव्या यंत्राच्या मानाने लहान असतो. चिपांचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढले आहेत, म्हणून दोनतीन दुकानांत चौकशी करावी. काही पातळ यंत्रांत साठवण मुख्य पाटीवरच जडविलेली असते व ती बदलता येत नाही. हे आधी विचारून घ्यावे. हमीची मुदत चालू असल्यास यंत्र उघडण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोटो, गुणपत्रके व कागदपत्रे यांची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवावी. जुनी डिस्क शाबूत असेल तर फेकू नये. लहानशा केसमध्ये बसवून ती जादा प्रत ठेवण्यास उपयोगी पडते. एसएसडीदेखील अमर नाही. ती कधी कधी सूचना न देता बंद पडते, म्हणून प्रत ठेवण्याचा नियम तिलाही लागू आहे.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि २०१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मग जुन्या यंत्रावर पैसा का घालावा? यास आमचे उत्तर असे की, अभ्यास, लेखन व वाचन यांपुरते काम असेल, तर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली घालून असे यंत्र आणखी काही वर्षे चालविता येते. परंतु बिजागरी मोडली, बॅटरी फुगली, पडदा गेला व प्रोसेसरही अपुरा पडू लागला, तर तेथे डिस्क बदलणे म्हणजे पडक्या वाड्यास नवे दार लावणे होय. तेव्हा नव्या यंत्रासाठी पैसे साठवावे, हेच शहाणपण.

विद्यार्थिमित्रहो, यात तुमचेही काम आहे. घड्याळ लावून यंत्र सुरू होण्याचा वेळ तीन दिवस वहीत लिहा, डिस्कचे व मेमरीचे आकडे टिपा, आणि मग ती वही आईवडिलांपुढे ठेवा. हट्टापेक्षा अशा वहीचे वजन अधिक. आणि पालकहो, मुलाने वही पुढे केली, तर ती उघडून पाहा. आकड्यांवरून निर्णय घेणारे घर क्वचितच फसते. आणि शास्त्राच्या तासाला शिकविलेली गोष्ट घरी मानली जाते असे मुलांस दिसले, तर त्याचे मोल यंत्राच्या वेगाहून कितीतरी अधिक आहे.