चिंचवडगाव : स्टेशन आणि गाव यांमधले अंतर

बाहेरगावच्या सोयऱ्यांना ‘आम्ही चिंचवडला राहतो’ असे सांगितले की जाणकार माणूस लगेच विचारतो, ‘स्टेशनला की गावात?’ पिंपरी-चिंचवड हे जोडनाव आता इतके रूढ झाले आहे की त्यातील चिंचवड हे एक स्वतंत्र, नांदते गाव होते आणि अजूनही आहे, याची आठवण बहुधा या प्रश्नानेच होते. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला. त्या मार्गालगतची वस्ती पुढे रेल्वे आणि कारखान्यांच्या आधाराने वाढली. गाव मात्र त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून पवनेच्या काठी वसलेले होते.

या गावाची पहिली ओळख म्हणजे श्री मोरया गोसावी यांची संजीवन समाधी. त्यांचे पुत्र चिंतामणी महाराज यांनी समाधीवर मंदिर उभारले. तेथील शिलालेखात त्या बांधकामाचा शके १५८० म्हणजे इ. स. १६५८-५९ हा काळ नोंदलेला आहे. जवळच मंगलमूर्ती वाडा आहे. भाद्रपद आणि माघ महिन्यांत येथून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. देवस्थानाला पूर्वी मिळालेल्या इनामांतून येथे अन्नदान चालत असे. गणेशोत्सवात घरोघरी ‘मोरया’चा गजर होतो, तेव्हा महाराष्ट्र नकळत या गावच्या सत्पुरुषाचे नाव घेत असतो.

दुसरी ओळख चापेकर वाड्याची. कीर्तनकार हरिभाऊ चापेकर यांचे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे पुत्र. प्लेगच्या काळातील जुलमी कारभाराचा सूड म्हणून २२ जून १८९७ रोजी पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. १८९८ आणि १८९९ या दोन वर्षांत तिघेही भाऊ फासावर गेले. एका घरातील तीन तरुण मुले अशी गेल्यावर त्या वाड्यात मागे काय उरले असेल, याची कल्पनाच करावी. आज तेथे स्मारक आहे आणि चौकाला चापेकरांचे नाव आहे. पण त्या चौकातून रोज जाणाऱ्यांपैकी वाड्याचा उंबरठा ओलांडणारे थोडेच असतात.

तिसरे पर्व उद्योगांचे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि आसपासच्या शेतजमिनींवर कारखान्यांच्या शेड उभ्या राहू लागल्या. टेल्को आणि बजाज यांनी या पट्ट्याचे रूपच पालटले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे हीच औद्योगिक वाढ चाकणपर्यंत पोहोचली.

या सर्व घडामोडींच्या नोंदी सापडतात. एका गोष्टीची नोंद मात्र फारशी कोठे नाही, आणि तिचा संबंध थेट आपल्या घरांशी आहे. सोलापूर, मराठवाडा, खानदेश, सातारा अशा भागांतून जो तरुण कामाला आला, त्याने भाड्याची खोली घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो पेठेत आला. बँकेत खाते उघडण्याआधी त्याचे खाते किराणा दुकानात उघडले. महिनाभर सामान न्यायचे, पगाराच्या दिवशी वही मिटवायची. कारखान्यात संप झाला, टाळेबंदी लांबली, की तीच वही पुढच्या महिन्यावर जाई. त्या माणसाची हमी द्यायला कोणी नसे. दुकानदार त्याचा शब्द आणि त्याची चाल पाहत असे. काही उधारी बुडाली, बहुतेक फिटली. पुढे त्याच माणसाने लग्नाचा बस्ता, भांडी आणि मंगळसूत्र याच पेठेतून नेले.

हे व्यापारी तरी मूळचे कोठले? राजस्थानातून, गुजरातेतून, कोणी नगर जिल्ह्यातील खेड्यांतून आलेले. स्वतः परगावाहून आल्यामुळेच नव्याने आलेल्याची अडचण त्यांना समजली असावी. गावाने त्यांना जागा दिली, त्यांनी गावाला पेठ दिली आणि शिक्षणाच्या कामातही हात दिला. श्री जैन विद्या प्रसारक मंडळाचे श्री फत्तेचंद जैन विद्यालय ही या ऋणानुबंधाची ठळक खूण आहे. त्याच्या वर्गांत व्यापाऱ्यांची आणि कामगारांची मुले शेजारी बसून शिकली.

आज या पेठेपुढचा प्रश्न अवघड आहे. मुले शिकली, रावेत-वाकडच्या संकुलांत राहायला गेली. गांधी पेठेत वाहन लावायला जागा मिळत नाही आणि माल घरपोच मागवायची सवय सर्वांनाच लागली आहे. मुलगा वडिलांना विचारतो, ‘दिवसभर गल्ल्यावर बसून जे मिळते त्याहून जास्त भाडे बसल्या जागी मिळत असेल, तर दुकान चालवायचे कशासाठी?’ हिशेब म्हणून त्याचे म्हणणे चूक नाही. पण जागेला ते भाडे येते कशामुळे? सकाळी समाधीच्या दर्शनाला येणारी, दुपारी शाळेतून मुलांना घ्यायला येणारी, संध्याकाळी भाजी आणि किराणा घेऊन परतणारी माणसे आहेत, म्हणून या रस्त्याला मोल आहे. एकेक दुकान बंद होऊन तेथे गोदाम किंवा कुलूपबंद दालन झाले, तर ती वर्दळ ओसरेल आणि काही वर्षांनी भाडेही उतरेल. पेठ ही सामाईक पुंजी आहे. तीतून प्रत्येकाने आपला वाटा काढून घेतला, तर कोणाच्याच हाती काही उरत नाही.

नदीचेही तसेच आहे. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की पवनेचे पाणी मोरया गोसावी मंदिरात शिरते आणि काठच्या वस्तीची धावपळ होते. एरवी तीच नदी सांडपाण्याने काळवंडलेली असते. तिच्याकडे पाठ फिरवणे सोपे आहे, कारण आता पाणी नळाला येते. पण तेही रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेले पवनेचेच पाणी आहे.

मग आपल्या हाती काय आहे? जुनी इमारत पुन्हा बांधायला देताना तळमजल्यावरील दुकानाचे तोंड रस्त्याकडेच राहील, एवढी अट करारात लिहून घ्यावी. मुलाला दुकान चालवायचे नसेल, तर नुसते जास्त भाडे न पाहता तेथे खरोखर व्यवसाय करणाऱ्या होतकरू माणसाला जागा द्यावी. आपल्या आजोबांनाही कोणीतरी अशीच दिली होती. दिवाळीच्या वहीपूजनाला नातवंडे पेढीवर येतातच. त्या दिवशी त्यांना तासभर आधी बोलवावे आणि समाधी मंदिर, मंगलमूर्ती वाडा व चापेकर वाडा पायी फिरून दाखवावा. सगळे चालण्याच्या अंतरावर आहे.

जुन्या खतावण्या चाळल्या तर त्यांत गावोगावची नावे सापडतील. त्यांतील कित्येकांची नातवंडे आज याच शहरात अभियंते, शिक्षक, नगरसेवक झाली आहेत. ती नावे मुलांना एकदा वाचून दाखवावीत.