मूल नको म्हणणारी स्त्री

ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेश व तामिळनाडू या दोन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी अधिक अपत्यांची भाषा केली. एकास वृद्ध होत चाललेल्या लोकसंख्येची चिंता होती, दुसऱ्यास लोकसभेतील घटणाऱ्या जागांची. ज्या देशात लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगविला गेला आणि ज्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, तेथे वाऱ्याची दिशा अशी बदलावी हे कालमहात्म्य होय. मात्र स्त्रीला काय हवे, हे तेव्हा कोणी विचारले नाही आणि आताही कोणी विचारीत नाही.

विचारपूर्वक मूल न होऊ देणाऱ्या सुशिक्षित स्त्रियांवर सध्या स्वार्थीपणाचा आरोप सर्रास केला जातो. तो हिशेबाच्या कसोटीवर घासून पाहण्यास हरकत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते. घरकामास हात लावणारा पुरुष ९७ मिनिटे देतो. मूल जन्मले की ही तफावत वाढते, आणि नोकरी सुटली वा बढती हुकली तर तो तोटा एकटीच्या खात्यावर पडतो. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली खरी. परंतु त्या वेतनाचा भार मालकावर टाकल्यामुळे तरुण विवाहितेला नोकरी देताना तो कचरू लागला तर नवल नाही. पाळणाघराची सक्ती पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांपुरती. शेतमजूर स्त्रीने मूल बांधावरच निजवायचे. मातृत्वाचा लाभ साऱ्या समाजाला आणि खर्च एकीला, अशा व्यवहारातून कोणी अंग काढून घेतले तर त्यास स्वार्थ म्हणणे हा उलटा न्याय झाला. दक्षिण कोरियाने अनुदानांवर अफाट पैसा ओतूनही तेथील जननदर २०२३ साली ०.७२ वर आला.

अर्थात प्रत्येक नकारामागे हिशेबच असतो असे नाही. काहींना मूल नकोच असते, आणि तेवढे कारण पुरेसे मानले पाहिजे. यास पाश्चात्त्यांचे खूळ म्हणणाऱ्यांनी र. धों. कर्वे व मालतीबाई यांचे स्मरण करावे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या या दाम्पत्याने स्वेच्छेने अपत्य होऊ दिले नाही.

म्हातारपणी पाहणार कोण, हा प्रश्न मात्र खरा आहे. पण ‘म्हातारपणाची काठी’ म्हणून मुलगा मिरवला, तरी अंथरुणाशी उभी राहते ती बहुधा सून. निवृत्तिवेतन व शुश्रूषेची सोय हे शासनाचे काम. ते कोणाच्या गर्भाशयावर सोपविता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात अपत्यास जन्म देण्याइतकाच न देण्याचा निर्णयही घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो असे म्हटले. तत्पूर्वी तीनच वर्षे, २००६ साली, केंद्र सरकारने नसबंदी शस्त्रक्रियेसाठी निकष ठरविले होते. त्यांनुसार वैद्यकीय कारण नसेल तर ही शस्त्रक्रिया करून घेणारी स्त्री विवाहित, घटस्फोटित वा विधवा असावी लागे आणि तिला एक वर्षाहून मोठे किमान एक मूल असावे लागे. मूल नको असलेल्या स्त्रीने आधी एक मूल घेऊन यावे, असाच याचा अर्थ.