शूर आहात हो, पण 'संबंध' दाखवा!

तुलबहादूर पुन हे नाव ऐकलंय? नसेल तर आधी गोष्ट सांगतो, भांडण नंतर.

२३ जून १९४४. ब्रह्मदेशातलं मोगाँग. ६व्या गुरखा रायफल्सची तिसरी बटालियन रेल्वेच्या पुलावर हल्ला करत होती. जपानी माऱ्यात एका सेक्शनचे तिघे सोडून बाकी सगळे पडले. मग त्या तिघांतले दोघेही जखमी झाले. उरला एकटा तुलबहादूर. जन्म नेपाळचा, वय २१, लढाई ब्रिटिशांची. पठ्ठ्याने ब्रेन गन उचलली आणि घोटाभर चिखलातून शत्रूच्या ठाण्यावर एकटा धावून गेला. तिघांना मारलं, पाच जणांना पळवून लावलं, दोन मशीनगन ताब्यात घेतल्या. बक्षीस? व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक.

आता पुढे वाचा. ऐंशी ओलांडल्यावर, आजारपणात, या माणसाने ब्रिटनमध्ये राहायची परवानगी मागितली. अर्ज नामंजूर! कारण काय, तर ब्रिटनशी घट्ट संबंध असल्याचं त्यांनी दाखवलं नाही. म्हणजे जीव द्यायला तयार असणं हा 'संबंध' नव्हे. लाईटबिल असतं तर चाललं असतं कदाचित!

"नियम म्हणजे नियम, त्या अधिकाऱ्याचा काय दोष?" असं म्हणणारे भेटतातच. मान्य, दोष त्याचा नाही. पण नियम काय होता बघा. २००४ पासून सरसकट सोय फक्त १ जुलै १९९७ नंतर निवृत्त झालेल्या गुरखा सैनिकांना होती. का? तर ब्रिगेडचा तळ हाँगकाँगहून ब्रिटनमध्ये आला तो तेव्हा. म्हणजे आधी तुम्हीच त्यांना ब्रिटनबाहेर ठेवायचं आणि मग विचारायचं, ब्रिटनशी संबंध का नाहीत? आमच्या धंद्यात याला बग म्हणत नाहीत. प्रोग्रॅम सांगितल्याप्रमाणेच चालतो, मुळात सांगितलेलंच चूक असतं.

ओरड झाल्यावर २००७ मध्ये सरकारने खास बाब म्हणून त्यांना परवानगी दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा आक्षेप नेमका या 'खास बाब'वर आहे. ज्याला पदक मिळालं नाही त्याचं काय? त्या दिवशी मोगाँगला पडलेल्यांनी काय कमी दिलं होतं? हक्क नोकरीचा असतो, पराक्रमाचा नव्हे.

हे पटवायला कोर्टकचेरी झाली, अभिनेत्री जोआना लम्ली मैदानात उतरली (तिचे वडीलही याच ६व्या गुरखा रायफल्समध्ये अधिकारी होते), २९ एप्रिल २००९ ला संसदेत २६७ विरुद्ध २४६ मतांनी सरकार हरलं. मग २१ मे ला जाहीर झालं: चार वर्षं नोकरी केलेला कुठलाही निवृत्त गुरखा सैनिक ब्रिटनमध्ये स्थायिक होऊ शकेल. बस्स, एवढंच तर हवं होतं.

आणि गोऱ्यांना नावं ठेवताना जरा जपून. नेपाळी जवान आपल्याही सैन्यात पिढ्यानपिढ्या लढले. आपण काय केलं? 'गुरखा' या शब्दाचा अर्थ 'वॉचमन' करून टाकला! गेटवर रात्रभर जागणाऱ्याचं नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

पदकवाल्याला सलाम ठोकायला काहीच लागत नाही राव. देशाची नियत कळते ती बिनपदकवाल्याशी तो कसा वागतो त्यावरून.