विमान बघायचे तर आधी वारा विचारा

गेल्या सहामाहीत आमच्या हाऊसच्या वादविवादात ‘छंद आणि शिस्त’ असा विषय होता. मी विमाने पाहण्याच्या छंदाच्या बाजूने बोललो आणि हरलो. परीक्षक सर म्हणाले, “रस्त्याकडेला उभे राहून आकाशाकडे बघत बसायचे, यात शिस्त कुठे आली? हा रिकामटेकड्यांचा उद्योग.” उत्तर देण्याआधीच घंटा झाली. ते उत्तर आज येथे लिहितो आहे. सरांनी वाचावे अशी इच्छा आहे आणि थोडी भीतीही आहे.

सरांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. नुसते जाऊन उभे राहणे हा खरोखरच रिकामटेकडा उद्योग आहे. पण निघण्यापूर्वी वारा आणि हवामानाचा अहवाल वाचून, विमान कोणत्या बाजूने येईल आणि ते दिसेल की नाही, हे वहीत लिहून मग जाणारा मुलगा वेगळे काम करत असतो. त्याने आपले मत आधीच कागदावर दिलेले असते. नंतर विमान येते आणि त्याला पास किंवा नापास करते.

माझे घर जबलपूरला आहे. सुटीत मी आजी-आजोबांकडे असतो. आजोबांनी सगळी नोकरी गन कॅरेज फॅक्टरीत लेथवर काढली. आमचा डुमना विमानतळ शहराबाहेर, जंगलाच्या कडेला आहे. वाटेत डुमना नेचर रिझर्व्ह लागते. मुंबईत एक विमान चुकले तर दोन-तीन मिनिटांत दुसरे येते. डुमन्याला दिवसभराची विमाने हातांच्या बोटांवर मोजावी लागतात. एक चुकले की अर्धा दिवस गेला, आणि आजोबांच्या स्कूटरचे पेट्रोल गेले ते वेगळेच. म्हणून माझे मत असे, की अहवाल वाचण्याची गरज मोठ्या विमानतळापेक्षा छोट्यालाच जास्त आहे.

विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते आणि उडते. समोरचा वारा पंखांना उचल देतो, त्यामुळे जमिनीवर धावण्याचे अंतर कमी होते. डुमन्याच्या धावपट्टीच्या एका टोकाला ०६ आणि दुसऱ्याला २४ हे आकडे आहेत, म्हणजे होकायंत्रावरचे साधारण ६० आणि २४० अंश. वारा नैर्ऋत्येकडून असेल तर २४ वापरतात आणि विमान ईशान्येकडून येते. वारा ईशान्येकडून असेल तर सगळे उलट. येथे बहुतेकांची पहिली चूक होते, माझीही झाली होती. अहवालातली दिशा वारा कुठून येतो ती असते, कुठे जातो ती नव्हे. ‘२४००८केटी’ असे लिहिले असेल तर वारा २४० अंशांकडून, वेग ८ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

या तत्कालीन अहवालाला मेटार म्हणतात आणि पुढच्या तासांच्या अंदाजाला टॅफ. त्यात दृश्यता मीटरमध्ये, मग ढग, तापमान, दवबिंदू आणि हवेचा दाब. एफजी म्हणजे धुके, एचझेड म्हणजे धुरकट हवा, आणि विरळ धुक्याला बीआर, कारण तो शब्द फ्रेंचमधून आला आहे. (हे पाठ करताना मला कवायतीचे हुकूम सोपे वाटू लागले.) तापमान आणि दवबिंदू यांचे आकडे एकमेकांना चिकटले, वारा पडला आणि रात्र निरभ्र असली, की पहाटे धुके पडण्याचा संभव मोठा. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की हवा विरळ होते आणि तेच विमान उडण्यापूर्वी जास्त लांब धावते. डुमन्याची धावपट्टी आता २,७५० मीटर आहे, पूर्वी १,९८८ मीटर होती. शांतपणे उभे राहिले तर कोणते विमान किती धावले हे डोळ्यांनी कळते.

आता माझी फजिती. जानेवारीच्या सुटीत सकाळचे एटीआर बघायचे ठरले. आदल्या रात्री मी टॅफ वाचला. धुके ‘०५०३/०५०४’ या वेळेत निवळणार, म्हणजे ५ तारखेला ३ ते ४ च्या दरम्यान. मी आनंदाने जाहीर केले, “पहाटे चारलाच आकाश साफ!” सव्वासातला आम्ही डुमना रस्त्यावर होतो आणि दहा पावलांवरचे झाड दिसत नव्हते. आजोबांनी मफलर कानांवरून घट्ट बांधला होता. थर्मासमधला चहा संपला. विमान उशिरा येणार होते, किती उशिरा ते कोणालाच ठाऊक नव्हते. पावणेनऊला आजोबांचा खोकला ऐकून मीच म्हणालो, चला घरी.

चूक माझीच होती. टॅफ आणि मेटारमधली वेळ भारताची नसते, जागतिक प्रमाणवेळ असते, आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. धुके साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान निवळणार होते आणि तसेच निवळले. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा अंगणात ऊन पडले होते. अहवाल अचूक होता, वाचणारा कच्चा होता. आजोबांचा खोकला आठ दिवस टिकला. आई एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलली असती तर बरे झाले असते.

आकड्याचा अर्थ न समजता दिलेल्या हुकमाची किंमत दुसरा माणूस मोजतो, हे मी ड्रिलच्या मैदानावर नाही, त्या रस्त्यावर पाहिले. तेव्हापासून वहीत प्रत्येक वेळेपुढे मी भारतीय वेळ लाल पेनाने लिहितो.

सर विचारतील, मोबाइलवर विमान कुठे आहे ते दिसतेच, मग एवढा खटाटोप कशाला? मोबाइल विमान आत्ता कुठे आहे ते सांगतो. दोन तासांनी ते कोणत्या टोकाकडून येईल हे आपल्यालाच ठरवावे लागते, कारण चुकीच्या टोकाला उभे राहिलात तर मध्ये सगळी धावपट्टी आणि तिचे कुंपण असते. शिवाय भाकीत चुकते तेव्हाही शिकायला मिळते. वारा अगदी मंद असेल तर दोन्ही बाजू चालतात, आणि पाठीमागून १० नॉटपर्यंतचा वारा बहुतेक प्रवासी विमाने सहन करतात. अशा दिवशी माझ्या वहीत सर्वांत जास्त फुल्या आहेत.

बरोबरची खूणही सांगतो. जून २०२५, पाऊस अजून यायचा होता. दुपारी चारचा मेटार, म्हणजे अहवालात १०३०: वारा ३०० अंशांकडून १२ नॉट, दृश्यता ६,००० मीटर. धावपट्टी २४ वापरली तर वारा उजवीकडून ६० अंशांत येणार. दहावीच्या त्रिकोणमितीतला साइन ६० म्हणजे ०.८६६, त्याला १२ ने गुणले की सुमारे साडेदहा नॉट आडवा वारा. एटीआरचा उतरतानाचा वेग ११० नॉट धरला, तर सरळ रेषेत राहण्यासाठी त्याला नाक सुमारे ५ अंश उजवीकडे ठेवावे लागेल. मी लिहिले: ‘ईशान्येकडून येईल. समोरून पाहणाऱ्याला नाक डावीकडे वळलेले दिसेल.’ आजोबांना काहीच सांगितले नाही.

विमान आले ते ईशान्येकडूनच. आजोबांनी डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, “अरे, हे तिरकं का येतंय?” आयुष्य लेथवर गेलेल्या माणसाच्या नजरेतून ५ अंश सुटत नाहीत. मी वही पुढे केली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि जानेवारीच्या पानावरची फुलीही पाहिली.

राहिला सुरक्षेचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी विमानांसाठी बंद होते. जबलपूर त्यांत नव्हते. तरी बाबांनी त्यांच्या ठाण्यावरून फोन करून सांगितले, “या महिन्यात तिकडे फिरकायचं नाही.” मला राग आला होता. आता वाटते, ते बरोबर होते. रस्त्यावर दुर्बीण घेऊन उभा असलेला मुलगा कोण आहे, हे पहारेकऱ्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. त्याने आपल्यात वेळ घालवावा असा आपला छंद असू नये. सरकारी विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्रे घेण्यास १९३७ च्या विमान नियमांपासून मनाई आहे. पुण्याचे लोहगाव आणि गोव्याचे दाबोळी हे तर संरक्षण दलांचे तळ आहेत, तेथे प्रवासी विमाने उतरतात म्हणून ते एसटी स्टँड होत नाहीत. पुण्याच्या मित्रांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कॅडेटने कॅमेरा घरी ठेवावा, फक्त प्रवासी विमानांची नोंद करावी, कुंपणापासून दूर सार्वजनिक जागी उभे राहावे आणि कोणी हटकले तर वाद न घालता निघावे. मेटार सर्वांसाठी खुला असतो आणि वही-पेन्सिलीला कोणाची हरकत नसते.

आम्हाला वसतिगृहात मोबाइल नसतो, तो असावा असेही मी म्हणत नाही. माझी मागणी छोटी आहे. मेसच्या फलकावर जेवणाच्या यादीशेजारी एक चौकोन मिळावा. संगणक कक्षातून रोज सकाळी जवळच्या विमानतळाचा मेटार आणि टॅफ तेथे लागावा, आणि खाली कोणत्याही कॅडेटला संध्याकाळचा वारा, दृश्यता, पाऊस यांचे भाकीत नावानिशी लिहिता यावे. रात्री प्रेपनंतर त्यापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण व्हावी. खोडायची परवानगी कोणालाच नसावी, हाऊस कॅप्टनलाही.

डिसेंबरच्या सुटीचे पान मी आखून ठेवले आहे. विमान सकाळचे. टॅफ आदल्या रात्री, मेटार सकाळी साडेसहाला, दोन्ही भारतीय वेळेत. दृश्यता १,५०० मीटरच्या खाली असेल तर आजोबांना उठवायचे नाही.